पहिल्या पानावरचं कुंकू

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणावर ओरडले तर कुणाला नवल वाटायला नको. लग्नाआधी पुण्यात एका मोठ्या कोशाच्या कामावर मी सहा वर्षं चिठ्ठ्या लिहीत होते. तिथेही लोक माझ्या टेबलाजवळ येण्याआधी लांबून माझा चेहरा बघून घ्यायचे. काम मात्र माझं चोख. एक शब्द, एक चिठ्ठी. वर शब्द, खाली तो कुठल्या ग्रंथात कितव्या ओळीत आला ते, आणि कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही. चिठ्ठी चुकली की शब्द हरवला, असं आमचे तिथले प्रमुख म्हणायचे आणि मला ते अगदी पटायचं.

मग नवऱ्याला रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी, तो आणि आठ वर्षांची आमची मुलगी असे तिघे तिकडे गेलो. माझ्या व्हिसावर शिक्का होता, हाऊसवाइफ, नोकरीची परवानगी नाही. पहिले सहा महिने मी गॅलरीतली सिमेंटची धूळ पुसत आणि नवऱ्याशी भांडत काढले. धूळ रोज नवी यायची, भांडण तेच असायचं. समोर उघडेबोडके डोंगर, डबा घेऊन नवरा कारखान्यात, पोरगी शाळेतून आली की माझ्या मराठी प्रश्नांना इंग्लिशमध्ये उत्तरं देणार. मला तर वेड लागायची वेळ आली होती.

एका संध्याकाळी नवरा कारखान्यातल्या इटालियन इंजिनियरला जेवायला घेऊन आला. साठी ओलांडलेला उंच माणूस, बायको वारलेली, मुलं तिकडे देशात. टाइल्स भाजायच्या भट्ट्या इटलीहून आल्या तेव्हा त्या बसवून द्यायला हे सहा महिन्यांसाठी आले आणि नऊ वर्षं राहिले. घरात आम्ही त्यांना भट्टीवाले म्हणायचो. त्यांनी सभ्यपणे विचारलं, तुम्ही भारतात काय करायचात? मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. आधी थोडक्यात, मग ते खरंच ऐकतायत असं दिसल्यावर सविस्तर. एक शब्द, एक चिठ्ठी. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि आमटी गार होईपर्यंत उचलला नाही.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला ते दारात हजर. काखेत बुटांचे दोन रिकामे खोके आणि छातीशी धरलेलं एक जाडजूड पुस्तक.

नावं मी इथे कुणाचीच घेत नाही, तर कवीचंही घेत नाही. इटलीतला सातशे वर्षांपूर्वीचा मोठा कवी म्हटलं की पुरे. पंडितांची लॅटिन सोडून त्याने आपल्या गावच्या बोलीत मोठं काव्य लिहिलं. आपल्याकडेही जवळपास त्याच सुमारास कुणी काय केलं, हे मराठी माणसाला मी सांगायला नको. त्याच्या गावाने त्याला हद्दपार केलं आणि बिचारा परत कधी घरी जाऊ शकला नाही. मग तो मेल्यावर त्याच गावाने त्याच्या अस्थी मागितल्या, आणि ज्या गावात तो मेला ते गाव काही देईना! मी म्हटलं, मेल्यावर उमाळा येणारे तुमच्याकडेही आहेत म्हणायचे. भट्टीवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या काव्यावर लोक सातशे वर्षं लिहितायत. मूळ काव्य, त्यावर टीका, त्या टीकेवर भाष्य, त्या भाष्यावर तळटीप, आणि तळटीप कशी चुकली यावर आणखी कुणाचा तरी लेख. हे ते मला जपून, हळूहळू समजावत होते. मी म्हटलं, अहो, हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे, फक्त भाषा वेगळी. जाणकार मंडळींची भांडणंही तशीच. आमच्या कोशात एका मात्रेवरून दोन विद्वान अकरा वर्षं बोलत नव्हते. हे ऐकून भट्टीवाल्यांना एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं आणि त्यांनी आणखी पोहे मागून घेतले.

त्यांनी आणलेलं पुस्तक त्यांच्या शाळामास्तरांचं होतं. लहानशा गावातला मास्तर, विद्वानांत कुणी त्याला ओळखत नव्हतं. या मास्तरांनी चाळीस वर्षं एकच ध्यास घेतला होता. कवीने उपमा कुठकुठून उचलल्या? शेतातून किती, बाजारातून किती, शिंप्याकडून, नावाड्याकडून, मधमाशांकडून किती? प्रत्येक उपमेशेजारी समासात पेन्सिलीने एक चिमुकली खूण आणि मुंगीच्या पायासारख्या अक्षरात दोन ओळी. कुठे गोल, कुठे त्रिकोण, कुठे फुली. कुठल्या खुणेचा अर्थ काय, ते फक्त पहिल्या पानावर, मास्तरांच्या नावाखाली लिहिलेलं. मरताना मास्तरांनी पुस्तक या विद्यार्थ्याला दिलं आणि याने शब्द दिला, की मी याची सूची करून गावच्या ग्रंथालयाला देईन.

आता तो शब्द अंगाशी आला होता. आयुष्यभर भट्ट्यांच्या उजेडात बघून बघून डोळ्यांची वाट लागलेली. छापील अक्षर भिंगातून कसंबसं दिसायचं, पेन्सिल अजिबात नाही. कारखान्याचा करार तीन वर्षांनी मार्चमध्ये संपणार. ग्रंथालयाने कळवलं होतं की तोवर सूची हातात आली तर पुस्तिका छापू. म्हणजे भट्टीवाल्यांना डोळे हवे होते, आणि माझे डोळे धूळ पुसण्यात फुकट चालले होते.

मला इटालियनचा ओ की ठो येत नव्हता. पण पुण्यातही मी न येणाऱ्या भाषांच्या चिठ्ठ्या केल्याच होत्या. रोज सकाळी घर रिकामं झालं की मी टेबलाशी बसायची आणि मास्तरांची टिपणं अक्षराला अक्षर लावून उतरवायची. शुक्रवारी भट्टीवाले यायचे. मी ओळ वाचायची, माझ्या उच्चारांना ते मनसोक्त हसायचे, आणि डोळे मिटून ती ओळ कुठली, कितवी, हे सांगायचे. सगळं काव्य त्या माणसाला पाठ! त्यांच्या गावात म्हणे खाटीकसुद्धा मांस तोडताना त्यातल्या ओळी म्हणतो. मी चिठ्ठी लिहायची, कोपऱ्यात सही करायची आणि खोक्यात टाकायची. ते येताना चीज आणायचे, मी त्यांना थालीपीठ खायला घालायची. मास्तरांची एखादी खूण लागली नाही की मी चिडायची आणि ते म्हणायचे, यल्ला, पुढे चला, उद्या लागेल. त्या तीन वर्षांइतकी सुखाची वर्षं मला पुढे फारशी आठवत नाहीत.

शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या आधी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. दसरा नेमका शुक्रवारी होता, म्हणून भट्टीवाल्यांना एक वाजता जेवायला बोलावलेलं. आदल्या दिवशी नवरा झेंडूच्या फुलांसाठी दुबईला गेला आणि येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकला, म्हणून फुलं जरा मलूल होती. सकाळी पूजेची मांडणी सासूबाईंकडे आणि पुऱ्या तळण्याचं काम माझ्याकडे. नातीच्या वह्या, नवऱ्याच्या लॅबची पेटी, पाटीवर काढलेली सरस्वती, सगळं त्यांनी चौरंगावर मांडलं. अकरा वाजता मला हाक आली, ये गं, नमस्कार कर. मी पदराला हात पुसत गेले.

चौरंगाच्या मधोमध मास्तरांचं पुस्तक. पहिलं पान उघडलेलं. त्यावर ओल्या कुंकवाने, अनामिकेने, चार ठिपक्यांसकट सुबक स्वस्तिक काढलेलं. बरोबर खुणांच्या यादीवर.

आणि ती यादी मी उतरवून घेतली नव्हती. कोशात संक्षेपांची यादी सगळ्यात शेवटी करायची आमची पद्धत. पुस्तक रोज समोर उघडंच असायचं, म्हणून मीही ती शेवटासाठी ठेवली होती. चूक माझी होती, पण ओरडले मी सासूबाईंवर. कुणी सांगितलं होतं हात लावायला? परक्याचं पुस्तक ते, माणसाच्या आयुष्याचं काम, तुम्हाला काय कळतंय? वाट्टेल ते बोलले. ओला कापूस घेऊन पुसायला गेले तर कोपरा गुलाबी झाला, तेव्हा नवऱ्याने माझा हातच धरला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “रोज चार तास तू त्याच्यासमोर बसतेस. घरात ज्या ग्रंथाचं एवढं चालतं, तो सोडून बाकीच्यांची पूजा करायची होय?”

मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या पुऱ्या काळ्या केल्या.

तेवढ्यात मुलगी मागे आली. अकरा वर्षांची झाली होती, शाळेत नुकताच महायुद्धाचा धडा झालेला. हळूच म्हणाली, “आई, यू कान्ट शो हिम दॅट साइन. ही वॉज अ किड इन द वॉर.” मी गॅस बंद केला. खरं सांगते, तोवर मला ते सुचलंच नव्हतं. मला कुंकू दिसत होतं, डाग दिसत होता, झाकलेली यादी दिसत होती. आपलं स्वस्तिक कुणाला भीतीचं वाटेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आता मात्र तोंडचं पाणी पळालं. त्यांना फोन करून येऊ नका म्हणावं का, पुस्तक लपवावं का, सगळं मनात येऊन गेलं. पण तीन वर्षं ज्या माणसाने माझ्या हातावर विश्वास टाकला, त्याच्याशी खोटं कसं बोलायचं?

एक वाजता ते टाय लावून, चीजचं पुडकं घेऊन आले. मी दारातच सांगितलं, तुमच्या पुस्तकाचं माझ्या घरात नुकसान झालंय, आधी ते बघा, मग जेवायचं की नाही ते ठरवा. त्यांनी खिशातलं भिंग काढलं. पान डोळ्यांपाशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला. हात इतका कापायला लागला की भिंग कागदावर टकटक वाजलं. सासूबाई तबक घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

ते खुर्चीत बसले, भिंग खिशात ठेवलं आणि सांगायला लागले. ते अकरा वर्षांचे असताना, युद्धाच्या एका हिवाळ्यात, ही खूण दंडावर लावलेले सैनिक त्यांच्या गावात राहिले होते. शाळेत त्यांचा मुक्काम. थंडीत शाळेची पुस्तकं शेकोटीत गेली. मास्तरांनी कोटाखाली लपवून हे एवढं एक वाचवलं आणि वसंत येईपर्यंत गोठ्यात बसून मुलांना यातूनच शिकवलं. त्या हिवाळ्यात त्यांचा मोठा भाऊ गेला. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी रडायला लागले. मी म्हटलं, मी यांना सांगते, त्या तुमची माफी मागतील. भट्टीवाल्यांनी मान वर केली, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळू इंग्लिशमध्ये म्हणाले, “त्यांना यातलं काही सांगू नका. त्यांनी आशीर्वाद म्हणून काढलंय ना? मग मी ते आशीर्वाद म्हणूनच घेतो.”

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले गं? मी डोळे पुसून म्हटलं, मास्तरांची आठवण आली म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, येणारच. मग त्यांना सांग, पूजेतला ग्रंथ उचलला की त्यातल्या चार ओळी तरी मोठ्याने वाचायच्या, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. मी सांगितलं. भट्टीवाले उठून उभे राहिले, पुस्तक मिटून छातीशी धरलं आणि डोळे बंद करून म्हणायला लागले. चार ओळींच्या जागी पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. सासूबाई हात जोडून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी पुण्याहून आणलेलं आपट्याचं पान भट्टीवाल्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, सोनं घ्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि नंतर श्रीखंड दोनदा घेतलं.

जेवणानंतर आम्ही पुस्तक गॅलरीत नेलं. पान उन्हात तिरकं धरलं तर वाळलेल्या कुंकवाखालून पेन्सिलीचं शिसं चमकत होतं. मी एकेक खूण वाचली, मुलीने पुन्हा तपासली, भट्टीवाले मान हलवत गेले. एकही हरवली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. यादी मी तिथल्या तिथे दोनदा उतरवून काढली. मार्चमध्ये सूची पुरी झाली. विमानतळावर सामानाच्या माणसांनी खोके नेले, पुस्तक मात्र भट्टीवाल्यांनी कुणाच्या हातात दिलं नाही.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. मनात आलं ते तोंडावर न आणता राहण्याची मला सवय नाही, पण हे राहिलं. त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले त्याची माफी तेवढी मागितली. त्यांनी ती मान हलवून घेतली.

पुस्तिका आली तेव्हा नवं शतक लागलं होतं आणि आम्ही शारजाला राहायला गेलो होतो. बारीक छपाई, पिवळसर कागद, आणि सोबत प्रस्तावनेचं भट्टीवाल्यांनी माझ्यासाठी मुद्दाम टाइप करवून घेतलेलं इंग्लिश भाषांतर. मे महिन्याच्या सुट्टीत मी ती पुण्याला घेऊन गेले. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. दुपारी त्यांच्या पलंगाशी बसून मी प्रस्तावना मराठीत सांगायला लागले. मास्तरांविषयी, गोठ्याविषयी, माझ्याविषयी एक परिच्छेद, त्यात माझ्या रागाचाही उल्लेख होता. मग भट्टीवाल्यांच्याच शब्दांत मूळ प्रतीचं वर्णन. पहिल्या पानावर भारतातल्या एका आईने लाल रंगात शुभचिन्ह काढलं आहे, ग्रंथालयाने ते पुसायची तयारी दाखवली होती, मी त्यांना ते पुसू नये असं सांगितलं आहे. एवढं सांगून मी थांबले आणि पान उलटलं.

“मधलं एक वाक्य गाळलंस,” सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही, एवढंच आहे.

“अगं, मला माहीत आहे. त्यांचा हात कसा थरथरला ते मी पाहिलं होतं. आणि तू कधी गप्प बसतेस का? त्या दिवशी बसलीस. दुसऱ्याच दिवशी मी नातीला विचारलं, तिने सगळं सांगितलं.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? निदान मला तरी सांगायचंत.

“मला वाईट वाटू नये म्हणून त्या माणसाने एवढं गिळलं. मग मला कळलंय, हे त्यांच्या कानावर का जाऊ द्यायचं? आणि तुझ्या पोटात काही राहतं थोडंच.”

मी पान परत उलटलं आणि गाळलेलं वाक्य वाचलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की या चिन्हाची माझ्याकडे लहानपणापासून एकच आठवण होती, आता दोन आहेत, आणि हल्ली आधी दुसरी येते. सासूबाईंनी मूळ इटालियन पुस्तिका हातात घेतली आणि विचारलं, यात कुठे लिहिलंय ते? मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.